अंतरिक्ष मूर्ती आणि ‘आहे’ हे क्रियापद : ईश्वरसिद्धीच्या वादाची एक चिकित्सा

१

विज्ञानाने ईश्वराचे अस्तित्व सिद्ध होते की त्याचा निरास होतो, हा वाद आपल्याकडे बहुधा चमत्काराच्या आश्रयाने चालतो. एका पक्षाचे म्हणणे असे, की ज्याची उपपत्ती विज्ञानाला लावता येत नाही त्याच्या मागे ईश्वर मानलाच पाहिजे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की चमत्काराची उपपत्ती लागली म्हणजे ईश्वरही निकालात निघाला. हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसत असले, तरी एक गृहीत दोघांनाही समान आहे : चमत्काराचे जे होईल तेच ईश्वराचे होईल. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच परीक्षा करावयाची आहे, आणि तिच्यासाठी वाशीम जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्रसिद्ध जैन मंदिर आहे. तेथील मूर्ती आधारावाचून अधांतरी आहे, अशी श्रद्धा शतकानुशतके चालत आली आहे. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात या तीर्थावर स्वतंत्र प्रकरण आहे. तेथील जलाशयाच्या पाण्याने एका राजाचा त्वचाविकार बरा झाला, अशी आख्यायिका सांगतात. पूर्वी मूर्तीखालून घोडेस्वार जाऊ शके, आता केवळ वस्त्र जाते, असेही परंपरा सांगते.

२

येथे तीन वाक्ये एकमेकांपासून वेगळी केली पाहिजेत. (अ) ही मूर्ती अधांतरी आहे. (आ) या मूर्तीच्या ठायी दैवी सामर्थ्य आहे. (इ) ईश्वर आहे. तिन्ही वाक्यांत ‘आहे’ हे एकच क्रियापद आहे. त्यामुळे पहिल्यावरून तिसऱ्यावर जाताना आपण उडी मारली, हे ध्यानातही येत नाही.

पहिले वाक्य निःसंशय विज्ञानाच्या कक्षेतील आहे. त्याची कसोटी मात्र नीट समजून घेतली पाहिजे. खालून वस्त्र आरपार जाते एवढ्याने वस्तू अधांतरी ठरत नाही. तीन पायांची तिवई घेतली तर तिच्या पायांमधूनही वस्त्र आरपार जाते. खरी कसोटी अशी, की एका कडेपासून विरुद्ध कडेपर्यंत ताणलेला दोरा कोठेही न अडता सरकला पाहिजे आणि पाठीमागे वा बाजूलाही कोठे टेकू असता कामा नये. चुंबकाचा तर्क करणाऱ्यांनीही सावध असावे. केवळ स्थिर चुंबकांच्या आकर्षण-प्रतिकर्षणावर एखादी वस्तू हवेत स्थिर राहू शकत नाही, हे अर्नशॉ याच्या १८४२ च्या प्रमेयावरून निघते. म्हणजे श्रद्धाळूची कसोटी जितकी ढिली आहे, तितकेच संशयवाद्याचे ‘आत लोहचुंबक असेल’ हे उत्तरही ढिले आहे.

आता वादापुरते समजू, की कसोटी घेतली आणि वाक्य (अ) खरे ठरले. त्यावरून (इ) निघते काय? १९९७ मध्ये नेदरलँड्समधील नाइमेखेन येथे शास्त्रज्ञांनी सुमारे १६ टेस्ला इतक्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात एक जिवंत बेडूक अधांतरी तरंगत ठेवला. त्या बेडकाला कोणी देव मानले नाही. अधांतरी असणे हा पदार्थाच्या स्थितीचा विशेष आहे. तो देवत्वाचे लक्षण नव्हे. उलट, वाक्य (अ) खोटे ठरले तरी (इ) खोटे ठरत नाही; फक्त त्याचा एक मानलेला पुरावा नाहीसा होतो.

३

शिरपूरच्या बाबतीत आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. ज्यांचे हे तीर्थ, ते जैन दर्शन जगाचा कर्ता असा ईश्वर मानीतच नाही. नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी ‘आदिपुराणा’त सृष्टिकर्त्याच्या कल्पनेतील अडचणी एकामागून एक मांडल्या आहेत. पार्श्वनाथ हे तेविसावे तीर्थंकर. मुक्त जीव म्हणून ते पूज्य आहेत, जगन्नियंते म्हणून नव्हेत. तेव्हा ज्या मूर्तीच्या अधांतरी असण्यावरून एखादा वक्ता ईश्वर सिद्ध करू पाहतो, त्या मूर्तीच्या उपासकांचे शास्त्रच त्याला ‘हा निष्कर्ष आमचा नव्हे’ असे सांगेल. चमत्कार मानणे आणि जगत्कर्ता ईश्वर न मानणे या दोन गोष्टी येथे शेकडो वर्षे सुखाने एकत्र नांदल्या आहेत. आरंभी सांगितलेल्या समान गृहीताला याहून बलवत्तर प्रत्युदाहरण शोधूनही सापडणार नाही.

न्यायालयात गेलेला वादही हेच दाखवितो. या मंदिरासंबंधीचा श्वेतांबर आणि दिगंबर पंथीयांमधील दावा १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. पुढे १९८१ पासून मंदिर बंद राहिले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडले. वादाचा विषय व्यवस्थापनाचा हक्क, मूर्तीचे स्वरूप आणि पूजापद्धती हा होता. ईश्वराचे अस्तित्व नव्हे.

४

आता तिसऱ्या वाक्याकडे वळू. ‘भुते असतात काय?’ असे आपण विचारतो. परंतु ‘देव आहे काय?’ असेच बहुधा म्हणतो. मराठीत ‘असतो’ हे रूप एखाद्या जातीविषयी सामान्य विधान करते : कावळा काळा असतो. अशी विधाने उदाहरणे गोळा करून तपासता येतात. ‘आहे’ हे रूप समोरच्या वस्तूविषयी बोलते आणि बोलणाऱ्याला त्या बोलण्याशी बांधून घेते. ‘काळजी करू नका, देव आहे’ असे आजारी माणसाच्या उशाशी बसून म्हणणारी म्हातारी विश्वातील वस्तूंच्या यादीत एकाची भर घालीत नसते. ती धीर देत असते. ‘देवघरात देव आहेत’ या वाक्यात तर तोच शब्द पितळेच्या टाकांविषयी आहे आणि त्याची सत्यता कोणीही पाहून ठरवू शकतो. एकाच वाक्याच्या साच्यात वर्णन, आश्वासन आणि निष्ठा अशी तीन कार्ये सामावलेली आहेत. विज्ञान त्यांपैकी केवळ वर्णनाची परीक्षा करू शकते.

यावर बुद्धिवादी विचारवंत आक्षेप घेतील, की परीक्षेच्या पलीकडे नेलेले वाक्य हे अर्थशून्यच होय, आणि सिद्धतेचा भार तर विधान करणाऱ्यावरच असतो. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. परंतु त्याचे उत्तर आणि त्याची मर्यादा दोन्ही आपल्याच न्यायशास्त्रात आहेत. भूतलावर घट दिसत नाही म्हणून ‘घट नाही’ असे म्हणता येते, कारण घट असता तर तो दिसलाच असता. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याच आधारे म्हटले, की जो मुळात प्रत्यक्षाचा विषयच नाही, त्याच्या न दिसण्यावरून त्याचा अभाव सिद्ध होत नाही.

हे संरक्षण खरे आहे. पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत ईश्वरवादी पक्ष सहसा मोजीत नाही. जो ईश्वराला परीक्षेपलीकडचा म्हणतो, त्याने परीक्षेतील वस्तू त्याच्या बाजूने साक्षीला आणू नये. न दिसण्याने ज्याची हानी होत नाही, त्याचा दिसण्याने लाभही होत नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता पसरली. दूध पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे चमच्यातून ओढले जाऊन मूर्तीवरून खाली ओघळते, हे रंगीत दूध वापरून शास्त्रज्ञांनी दाखविले. ‘मूर्ती दूध पिते’ हे योग्यानुपलब्धीच्या कक्षेतले विधान होते. ते खोटे ठरले. गणपतीवरील श्रद्धा त्याने खोटी ठरली नाही. परंतु त्या दिवशी दूध आटले म्हणून जी श्रद्धा बळावली होती, तिचा पाया मात्र गेला.

घोडेस्वाराची जागा वस्त्राने घेतल्याची शिरपूरची आख्यायिका या संदर्भात मननीय आहे. ज्ञानातील अंतरावर उभा केलेला ईश्वरही असाच असतो : ज्ञान वाढते आणि अंतर कमी होत जाते.

५

हा सर्व काथ्याकूट केवळ शब्दांचा, असे कोणास वाटेल. तसे नाही. पाण्याने राजाचा त्वचाविकार बरा झाला, ही आख्यायिका म्हणून आदरणीय आहे. तेच वाक्य ‘या पाण्याने कुष्ठ बरे होते’ असे वर्तमानकाळी झाले, म्हणजे ते वैद्यकाच्या कसोटीखाली येते. कुष्ठाचा जंतू हॅन्सेन याने १८७३ मध्ये शोधला आणि १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने तो रोग बरा होतो. भूतकाळाचा वर्तमानकाळ होताना येथे एका रोग्याची बोटे पणाला लागतात. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देवाधर्माला सरसकट विरोध न करता शोषण करणाऱ्या दाव्यांना विरोध केला, त्यामागील विवेक हाच होय. २०१३ चा महाराष्ट्राचा कायदाही ईश्वराविषयी मौन पाळतो. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखणे मात्र तो गुन्हा ठरवितो.

तात्पर्य, विज्ञान ईश्वर सिद्ध करू शकत नाही आणि असिद्धही करू शकत नाही, असे सरधोपटपणे म्हणणे पुरेसे नाही. ईश्वराच्या नावाने केलेले जे विधान जगात काही घडल्याचे सांगते, ते विज्ञान तपासू शकते आणि त्याने ते तपासलेच पाहिजे. जे तसे सांगत नाही, त्याला विज्ञानाची भीती नाही आणि विज्ञानाचा आधारही नाही. आपण यांपैकी कोणते वाक्य उच्चारीत आहोत, हे बोलणाऱ्याने प्रथम स्वतःशी ठरवावे. तेवढे झाले, तर शिरपूरच्या गाभाऱ्यात हात जोडणारा आणि मूर्तीखालून दोरा ओढून पाहू इच्छिणारा, या दोघांना एकमेकांचे वैरी होण्याचे कारण उरणार नाही.