सक्तीचे शिक्षण व पालकांचा अधिकार : दोन प्रचलित मतांचे परीक्षण

प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत. पहिल्या मताप्रमाणे सक्तीचा कायदा म्हणजे अज्ञानाच्या रात्रीनंतर उगवलेला सूर्य असून त्याचे श्रेय काही उदारधी संस्थानिकांस व पुढाऱ्यांस आहे. दुसरे मत अलीकडे अधिक आग्रहाने मांडले जाते. त्याच्या मते सरकारने आईबापांच्या हातून मूल काढून घेऊन आज्ञाधारक प्रजा व कारकून घडविण्यासाठी शाळा योजिली, आणि सक्ती हे त्या योजनेचे हत्यार होय. दोन्ही मतांचे कैवारी कायद्याचे शब्द व पुढाऱ्यांची भाषणे एवढ्यावरच निर्वाह करतात. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासापुढे ही मते कितपत टिकतात, हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'सक्ती' हा शब्द फारसी 'सख्त', म्हणजे कठोर, ह्यावरून आलेला आहे. जुन्या पत्रांतील 'सक्त ताकीद' आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. ती नेहमी एखाद्या कमाविसदारास, पाटलास किंवा रयतेस असे. हुकूम करणाऱ्यावर तिचे बंधन क्वचितच येई. 'सक्तीचे शिक्षण' ह्या शब्दांतही ताकीद कोणास, हा प्रश्न दडलेला आहे. दुसरा शब्द 'पालक'. आईबाप आणि ज्याच्या ताब्यात मूल दिले आहे असा परका मनुष्य, हे दोघेही शाळेच्या कागदात ह्या एकाच नावाखाली येतात. हा भेद पुसला गेल्यामुळे पुढील वादात पुष्कळ गोंधळ झाला आहे.

सरकारने पालकत्व खरोखर आपल्या हाती घेतल्याची उदाहरणे ह्या प्रांतात आहेत. परंतु ती शेतकऱ्यांच्या घरची नसून राजवाड्यांतील आहेत. साताऱ्यास 1819 च्या तहाने प्रतापसिंह महाराजांचे राज्य स्थापन झाले, पण कारभार 1822 पर्यंत ग्रँट डफ ह्यांच्या हाती राहिला. महाराज तेव्हा पंचविशी ओलांडलेले होते. तरी कारभाराची उमेदवारी करून घेतल्यावरच त्यांस अधिकार मिळाले. कोल्हापुरास 1884 साली दत्तक आलेल्या शाहू महाराजांचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व नंतर धारवाडास फ्रेझर ह्यांच्या देखरेखीखाली झाले, आणि 1894 साली त्यांस अधिकार मिळाले. त्यांचे जनक पिते जयसिंगराव घाटगे हे काही काळ स्वतः रीजंट होते. तथापि शिक्षणाचा आराखडा कागलच्या वाड्यात ठरला नाही. सांगलीस 1903 साली गादीवर बसविलेल्या चिंतामणराव पटवर्धनांचीही हीच रीत झाली. राजकोटचे शिक्षण, संस्थानावर सरकारी कारभार, आणि 1910 साली अधिकारदान. राज्यकर्त्या सत्तेस सोयीचा राजा घडविणे हा ह्या पालकत्वाचा उघड हेतू होता. दुसऱ्या मताचे कैवारी जो आरोप शाळेवर करतात, तो येथे शब्दशः लागू पडतो.

आता रयतेच्या मुलांकडे वळू. हंटर कमिशनपुढे 1882 साली जोतीराव फुले ह्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. फुल्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे. ही मागणी सरकारची नव्हती. सरकारकडे केलेली होती. सरकार उच्च शिक्षणावर खर्च करते आणि ज्यांच्या शेतसाऱ्यावर तो खर्च चालतो त्यांची मुले शाळेबाहेर राहतात, ही त्यामागची तक्रार होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला व 1906 साली तो सर्व राज्यास लागू केला. नामदार गोखल्यांनी 1911 च्या मार्चमध्ये आपले बिल वरिष्ठ कायदेकौन्सिलात मांडले. 19 मार्च 1912 रोजी ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. ज्या सरकारवर सक्तीने प्रजा घडविण्याचा आरोप आहे, त्याच सरकारने सक्तीचे बिल पाडले, ही गोष्ट दुसऱ्या मताच्या कैवाऱ्यांनी विसरू नये. प्रशियात 1763 च्या नियमांनी राजाने वरून सक्ती लादली, इंग्लंडात 1880 च्या कायद्याने ती सार्वत्रिक झाली. आपल्याकडे मात्र राज्यकर्ते नकार देत होते व प्रजेचे प्रतिनिधी सक्ती मागत होते. युरोपातील टीका जशीच्या तशी उचलून येथे लावणे ह्यामुळे अयोग्य ठरते.

गोखल्यांच्या बिलाचा मसुदाही बारकाईने वाचण्याजोगा आहे. वयाची मर्यादा सहा ते दहा. सक्ती लागू करावी की नाही हे म्युनिसिपालिटीने अगर लोकलबोर्डाने ठरवावयाचे. मैलाच्या आत शाळा नसेल, मूल आजारी असेल, घरची अडचण असेल, किंवा शेतीचा हंगाम असेल, तर पालकास सूट. ज्याचे मासिक उत्पन्न दहा रुपयांच्या वर नाही त्यास फी माफ. ह्या कलमांत आईबापांचा संसार डोळ्यांपुढे ठेवलेला आहे. सुगीच्या दिवसांत कृष्णाकाठच्या कुणब्याच्या घरी दहा वर्षांच्या मुलाचे हात मोलाचे असतात, हे मसुदा करणाऱ्यास ठाऊक होते. विरोधकांपैकी जमीनदारवर्गास मात्र वेगळीच चिंता होती : मुले शाळेत गेली तर शेतावर राबावयास कोण येणार. आईबापांच्या अधिकाराचे नाव घेऊन बोलणारा प्रत्येक जण आईबापांच्या बाजूचा असतोच असे नाही.

आता पहिल्या मताकडे पाहू. शाहू महाराजांनी 1917 च्या सप्टेंबरमध्ये सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा जाहीरनामा काढला आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. स्वतः परक्या पालकत्वाखाली वाढलेल्या राजाने रयतेच्या पालकत्वास हात घातला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांच्या शिक्षणाने त्यांस घरापासून दूर नेले होते. त्यांच्या जाहीरनाम्याने मूल घरीच राहिले, दिवसाचे काही तास तेवढे शाळेचे झाले. हा भेद मोठा आहे. परंतु तो मान्य करूनही आम्हांस असे म्हणावे लागते की, जाहीरनामा हा हेतूचा पुरावा असतो, परिणामाचा नव्हे. दंडाचा रुपया कोणाकडून वसूल झाला? गावच्या पाटलाच्या मुलास व महाराच्या मुलास एकच माप लागले की दोन? हे जाहीरनामा सांगत नाही; आणि गौरवपर चरित्रे लिहिणारे बहुधा विचारीत नाहीत.

दोन्ही मतांची कसोटी लावणारा एक कागद साताऱ्यात आहे. आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' ह्या नावाची नोंद झाली. तेव्हा सक्तीचा कायदा नव्हता. मुलास शाळेत घालणारा पिता सैन्यातील शिक्षक राहिलेला, विद्येविषयी कमालीचा दक्ष. येथे सरकारने पालकावर जुलूम केला नाही, तसे पालकाने मुलाकडे दुर्लक्षही केले नाही. तरी त्या मुलास वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागे व पाण्यास हात लावता येत नसे, हे डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेविले आहे. पालकाची इच्छा पूर्ण होती. अपुरी होती ती शाळेची तयारी. पालकांचे स्वातंत्र्य सर्वांस सारखे होते आणि सक्तीने ते हिरावले, असे म्हणणाऱ्यास ही नोंद उत्तर देते. कायदा झाला म्हणजे काम झाले, असे म्हणणाऱ्यासही हीच नोंद उत्तर देते.

ह्या दोन मार्गांवाचून तिसरा मार्गही ह्याच प्रांतात निघाला. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले; 1927 साली गांधीजींनी त्यास शाहू महाराजांचे नाव दिले. येथे मूल आईबापांपासून दूर जाई, निरनिराळ्या जातींच्या मुलांबरोबर एका पंक्तीस जेवी व स्वतःच्या श्रमाने शिके. म्हणजे घरच्या वळणात फेरबदल करण्याचे काम सक्तीच्या शाळेपेक्षा ह्या वसतिगृहाने अधिक खोलवर केले. पण मूल पाठवीत आईबाप आपल्या खुषीने. पुढे संस्थेने खेडोपाडी ज्या प्राथमिक शाळा काढल्या त्यांस 'व्हॉलंटरी' शाळा म्हणत, हेही नाव बोलके आहे. औंधास भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कारांचा परिपाठ घातला, आणि 1939 च्या संविधानाने गावचा कारभार पंचायतींकडे सोपविला. मुलाच्या शरीरावरही राज्याने लक्ष ठेवावे, पण राज्य मात्र गावाने चालवावे, असा हा दुहेरी प्रयोग होता.

इंग्रजी मुलखात 1918 चा पटेलांचा कायदा, नंतर 1923 व 1947 चे मुंबई प्राथमिक शिक्षण कायदे, असा क्रम लागला. अखेर 2009 चा बालकांच्या हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, पण दंड ठेवलेला नाही. आणि 'सक्तीचे' ह्या शब्दाचा अर्थ सरकारवरील बंधन असा स्पष्ट केला आहे. म्हणजे 1917 साली जी ताकीद रयतेस होती ती शब्दाने तरी आता हुकूम करणाऱ्यासच लागली. शब्द तोच, रोख उलटा. गावातील शाळा पटसंख्येअभावी बंद करण्याच्या गोष्टी निघतात तेव्हा ही ताकीद कोणास आहे, ह्याचे स्मरण करून देणे इतिहासकारांच्या अधिकारात बसते.

आता संग्राहकांस दोन शब्द. सांगली जिल्हा 1949 साली 'दक्षिण सातारा' ह्या नावाने निराळा झाला व 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तत्पूर्वी वाळवे, तासगाव इंग्रजी मुलखात, सांगली, मिरज, जत निरनिराळ्या संस्थानांत, आटपाडी औंधाकडे. शेजारच्या दोन गावांस शिक्षणाचे दोन निरनिराळे कायदे लागू असत. सक्तीने काय साधले हे तपासण्यास ह्याहून चांगले क्षेत्र मिळणे कठीण. परंतु संस्थाने 1948 साली विलीन होताना दप्तरे विखुरली, आणि शाळांची जुनी हजेरीपत्रके, दंडाच्या नोटिसा, पालकांचे अर्ज ह्यांस सनदेची प्रतिष्ठा नसल्याने ती कोणी जपली नाहीत.

सन 2023 साली नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीमुळे शाळांची जुनी रजिस्टरे एकाएकी मोलाची झाली व मोडी जाणणारांस मागणी आली. ही इष्ट गोष्ट आहे. पण रजिस्टरांतील जातीचा एक रकाना तेवढा वाचला जातो. त्याच ओळीत पुढे 'शाळा सोडल्याची तारीख' व 'शाळा सोडण्याचे कारण' हे रकाने असतात. राज्याने जे लिहून घेतले त्यात आईबापांचे स्वतःचे म्हणणे जर कोठे उतरले असेल, तर ते त्या शेवटच्या रकान्यात. ज्यांच्या हाती अशी रजिस्टरे येतील त्यांनी सबंध पानाची नक्कल करावी, फाटकी पाने टाकू नयेत, आणि गावाचे नाव व तेव्हाचा अंमल कोणाचा हे अवश्य टिपून ठेवावे.

आमचा निर्णय थोडक्यात असा. सरकारने पालकत्व बळकाविले हे राजवाड्यांविषयी खरे, रयतेविषयी सिद्ध न झालेले. सक्तीने रयत शिकली हेही तितकेच असिद्ध. ज्यांनी सक्ती मागितली त्यांस मुलावर ताबा नको होता. बंद दार उघडून हवे होते. ते किती उघडले, हे आता मुलांच्या नावांपुढील रकानेच सांगतील.