इनामगावचा सगळा दोष पावसाचाच का?

हवामानाचं चक्र फिरलं की संस्कृती बुडते, हा सिद्धांत ऐकायला झकास वाटतो. एकच किल्ली, सगळी कुलुपं. आपल्याकडे ही किल्ली सगळ्यात जास्त फिरवली गेली ती इनामगावच्या कुलपात.

प्रकरण थोडक्यात असं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. जोर्वे काळातली मोठी चौकोनी घरं, पाण्याचा पाट, सातूची शेती सापडली. इ. स. पू. १००० नंतरच्या थरांत मात्र लहान गोल झोपड्या दिसतात आणि इ. स. पू. ७०० च्या आसपास गाव उठतं. म. के. ढवळीकरांनी कारण दिलं: पाऊस घटला, शेती आक्रसली, लोक शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर आले. खापरांच्या यादीपलीकडे जाऊन माणसं काय खात होती हे त्यांनी विचारलं, हे मोठंच काम.

पण अडचण बघा. झोपडी लहान झाली, म्हणजे दुष्काळ पडला असणार. आणि दुष्काळ पडला, म्हणून झोपडी लहान झाली. पुरावा आणि निष्कर्ष एकमेकांच्या खांद्यावर उभे! पावसाचा पुरावा घरांपेक्षा वेगळ्या जागेतून यायला हवा: तळ्यातला गाळ, परागकण, गुहेतले चुनखडीचे थर.

ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या पुस्तकात नेमकं हेच तपासलं. त्यांच्या मते हा भाग शेती सुरू झाली तेव्हापासूनच निम-कोरडा होता, इ. स. पू. १००० ला अचानक काही बिघडल्याचा भक्कम पुरावा नाही. मुलांच्या हाडांवर उपासमारीच्या खुणा मात्र आहेत. म्हणजे हाल खरे, कारण वादात.

मग दीर्घ चक्रं खोटी का? अजिबात नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्याचं १९ ते २३ हजार वर्षांचं चक्र मान्सूनवर परिणाम करतं. पण इतकं संथ चक्र एका गावाच्या तीनशे वर्षांचा हिशेब कसा देणार?

जवळचा इतिहास घ्या. १८७६-७८ मध्ये दख्खनमध्ये पाऊस फसला. धान्याची निर्यात चालूच होती आणि रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं. माणसं लाखांनी मेली. १९७२-७३ मध्येही पाऊस फसला. तेव्हा मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख लोक सरकारी कामांवर होते; हाल झाले, पण तसं मृत्यूचं तांडव झालं नाही. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. आभाळ दोन्ही वेळा रुसलं, फरक जमिनीवर पडला.

आणि उलटं उदाहरण आमच्या शेलूच्या आसपासचंच. पावसाळ्यात उल्हास दुथडी भरून वाहते, तरी कर्जत तालुक्यातल्या कित्येक आदिवासी वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन लांब चालतात. तीन हजार वर्षांनी कुणी इथे खणलं आणि नुसत्या हंड्यांवरून 'कोरडा काळ' असं लिहिलं, तर?

म्हणून चक्राचा सिद्धांत वाचताना एवढंच विचारा: पाऊस किती पडला हे कळलं, पण कोठार कुणाच्या ताब्यात होतं? ते न विचारता दोष आभाळाला दिला, की जमिनीवरचे सगळे सुटतात.