उत्तररंगातील विश्वासभंग : ‘ड्रॅगन एज’ आणि ‘मास इफेक्ट’ ह्या खेळमालिकांचा विचार

कोर्लईच्या बोलीच्या पाहणीसाठी पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसह रेवदंड्यास मुक्काम पडला होता. दिवसा कुंडलिकेची खाडी ओलांडून कोर्लईस जावे, शब्द आणि वाक्ये टिपून घ्यावीत आणि सायंकाळी रेवदंड्यास परतून ती टिपणे जुळवावीत, असा क्रम असे. अशाच एका सायंकाळी दोघा विद्यार्थ्यांचे बोलणे ‘ड्रॅगन एज’ ह्या व्हिडिओ गेमच्या मालिकेवर आले. तिच्या चौथ्या खेळाविषयी एक जण म्हणाला, ‘खेळ वाईट निघाला.’ त्यावर त्याची सहाध्यायिनी म्हणाली, ‘वाईट नाही निघाला. त्यांनी आम्हांला फसवलं.’

ह्या दोन वाक्यांतील भेद हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. पहिल्या वाक्याचा कर्ता खेळ आहे आणि विधान त्याच्या गुणाविषयी आहे. दुसऱ्या वाक्यात कर्ते खेळ रचणारे आहेत आणि कर्म बोलणारी स्वतः आहे. वस्तू वाईट निघण्यास पूर्वी कोणी काही कबूल केलेले असावे लागत नाही. फसवणूक होण्यास मात्र आधी वचन दिले गेलेले असावे लागते. तेव्हा प्रश्न असा की, येथे वचन कोणते होते, आणि ते कोणत्या रीतीने दिले गेले होते?

ज्यांस रोल-प्लेइंग गेम म्हणतात ते खेळ भूमिका घेऊन खेळावयाचे असतात. कादंबरीचा वाचक कथेबाहेर उभा असतो. पात्रे परस्परांशी बोलतात आणि तो ऐकतो. ह्या खेळांत पात्रे खेळाडूस ‘तू’ म्हणून संबोधितात आणि उत्तरासाठी थांबतात. समोर तीन-चार वाक्ये येतात, त्यांतील एक तो निवडतो. ही निवड म्हणजे केवळ पसंती नव्हे. त्या वाक्याने कोणास अभय मिळते, कोणास मृत्यू येतो, कोणाशी तह होतो. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी 1955 साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि 1962 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ज्या उच्चारांस कृतीचे स्वरूप दिले, त्यांच्याच जातीचे हे उच्चार होत. ‘मी क्षमा करतो’ असे म्हणणे हीच क्षमा.

कॅनडातील एडमंटन येथे 1995 साली स्थापन झालेल्या बायोवेअर ह्या संस्थेने ही कल्पना एका खेळापुरती न ठेवता मालिकेभर नेली. ‘मास इफेक्ट’चे मूळ तीन खेळ 2007, 2010 आणि 2012 ह्या वर्षी निघाले. पहिल्यात केलेल्या निवडींची नोंद दुसऱ्यात नेता येई आणि दुसऱ्यातील तिसऱ्यात. ‘ड्रॅगन एज’चे चार मुख्य खेळ 2009, 2011, 2014 आणि 2024 ह्या वर्षी आले. तिसऱ्या खेळाच्या वेळी तर संस्थेने ‘कीप’ नावाची स्वतंत्र सोय केली. तीत खेळाडूने आधीच्या दोन खेळांतील आपल्या शेकडो निवडी नोंदवून ठेवावयाच्या आणि पुढील कथा त्यांवर उभी राहावयाची. वचन दिले गेले ते ह्या रीतीने. ते कोणत्याही एका वाक्यात नव्हते, खेळाच्या रचनेतच होते.

आपल्याकडील नारदीय कीर्तनाची रचना येथे स्मरते. पूर्वरंगात कीर्तनकार एक पद घेऊन त्याचे निरूपण करतो, उत्तररंगात त्यास पोषक असे आख्यान लावतो, आणि शेवटी मूळ पदाशी येऊन थांबतो. आख्यान कोणते घ्यावे, ते किती रंगवावे, ह्याचे स्वातंत्र्य त्याला पुरेपूर आहे. परंतु उत्तररंगाने पूर्वरंगातील सिद्धान्तच खोडून काढला, तर आवाज कितीही गोड असो, श्रोता अस्वस्थ होऊन उठतो. बायोवेअरच्या मालिकांत विशेष एवढाच की, पूर्वरंगाचा काही भाग श्रोत्याने स्वतः सांगितलेला असतो.

भाषाविज्ञानाच्या परिभाषेत ह्यास पूर्वगृहीत म्हणता येईल. फ्रेग ह्यांनी 1892 साली आणि स्ट्रॉसन ह्यांनी 1950 साली ह्या विषयाचे जे विवेचन केले, त्याचे सार असे की, काही गोष्टी वाक्य सांगत नाही, त्या धरून चालते. ‘तुझा भाऊ परत आला’ ह्या वाक्यात भाऊ आहे आणि तो कोठे तरी गेला होता, हे धरलेले आहे. ज्याला भाऊच नाही त्याला हे वाक्य केवळ असत्य वाटत नाही. बोलणारा आपणास ओळखतच नाही, असे वाटते. मालिकेतील पुढचा खेळ हे असेच एक वाक्य आहे, आणि त्याची पूर्वगृहीते खेळाडूने पुरविलेली असतात.

आता उदाहरणे पाहू. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ ह्या पहिल्या खेळात लेलियाना नावाची एक सोबतीण आहे. खेळाडूने पवित्र रक्षा भ्रष्ट केली तर ती त्याच्यावर शस्त्र उगारते आणि त्याच्या हातून मारली जाते. असे असूनही 2014 च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये ती सर्वांसाठी जिवंतच असते आणि हेरखात्याची प्रमुख म्हणून वावरते. ज्याने तिला मारले त्याच्या दृष्टीने हे ‘भाऊ परत आला’ ह्यासारखे वाक्य आहे. मागाहून गूढ स्पष्टीकरण जोडण्यात आले. पण स्पष्टीकरणाची गरज पडणे हीच दोषाची कबुली होय.

‘मास इफेक्ट 3’ मार्च 2012 मध्ये आला. शेवट ‘अ, ब, क’ ह्यांतून एक उचलण्याच्या प्रकारचा नसेल, असे निर्मात्यांनी आधी सांगितले होते. प्रत्यक्षात तिन्ही खेळांतील निवडींचा हिशेब तीन पर्यायांवर आला, आणि त्यांची दृश्ये मुख्यतः लाल, निळ्या आणि हिरव्या रंगाने वेगळी होती. संतप्त खेळाडूंनी जे केले ते समीक्षेचा नमुना म्हणून लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी संस्थेच्या कार्यालयाकडे ह्याच तीन रंगांचे चारशेहून अधिक छोटे केक पाठविले. चव मात्र सर्वांची एकच. त्याच वर्षी जूनमध्ये संस्थेने शेवटाचा विस्तारित पाठ विनामूल्य दिला. त्याने पुष्कळ शंका फिटल्या, परंतु मूळचे तीन पर्याय तसेच राहिले.

ह्यावर कोणी म्हणेल की, हे सर्व कारागिरीचे दोष आहेत, त्यांस विश्वासभंगाचे मोठे नाव कशास? ह्या मालिकांचाच इतिहास त्यास उत्तर देतो. ‘ड्रॅगन एज 2’ पहिल्या खेळानंतर अवघ्या 16 महिन्यांत निघाला, आणि घाई त्यात ठायी ठायी दिसते. तीच गुहा, तेच तळघर निरनिराळ्या जागा म्हणून पुनःपुन्हा समोर येते. खेळाडूंनी सडकून टीका केली, तरी ते मालिका सोडून गेले नाहीत. ‘इन्क्विझिशन’चे चांगले स्वागत झाले आणि द गेम अवॉर्ड्समध्ये 2014 चा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून त्याचा गौरव झाला. मार्च 2017 मधील ‘मास इफेक्ट: अँड्रोमेडा’ पात्रांच्या विचित्र चेहऱ्यांमुळे हास्यास्पद ठरला. पण तेथे नायक नवा होता, आकाशगंगाही नवी होती. जुन्या निवडी त्यात धरलेल्याच नव्हत्या. म्हणून त्याच्या वाट्यास थट्टा अधिक आली, फसवणुकीचा आरोप कमी.

31 ऑक्टोबर 2024 रोजी आलेल्या ‘ड्रॅगन एज: द वेलगार्ड’ची गोष्ट ह्याच्या उलट आहे. यांत्रिक दृष्ट्या तो बराच निर्दोष होता. चेहरे नीट, स्थळे देखणी. परंतु मागील तीन खेळांतील शेकडो निवडींपैकी त्याने तीनच विचारल्या, आणि त्या तिन्ही ‘इन्क्विझिशन’मधील: नायकाचे प्रेम कोणावर होते, त्याची संघटना राहिली की विसर्जित झाली, आणि सोलास ह्या जुन्या सोबत्यास तो रोखणार की वाचविणार. ‘कीप’मध्ये जपून ठेवलेल्या नोंदी कोणी उघडल्याही नाहीत.

एवढ्यावरच हे थांबले असते तर त्यास मौन म्हणता आले असते, आणि मौन क्षम्य आहे. कथा उत्तरेकडील नव्या प्रदेशात घडते. दक्षिणेची वार्ता तिने दिली नसती तरी चालले असते. परंतु खेळात पत्रे येतात, आणि त्या पत्रांतून कळते की दक्षिणेकडील देश विनाशाच्या छायेत सापडले आहेत. मागील तिन्ही खेळांत खेळाडूने जे राजे बसविले, जे तह केले, जी गावे वाचविली, ती बहुतांशी त्याच प्रदेशांतील होती. त्यांची विचारपूस न करता त्यांचा निकाल पत्राने कळविला गेला. माझ्या विद्यार्थिनीच्या ‘फसवलं’ ह्या क्रियापदाचा उगम येथे आहे, असे मला वाटते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या मालक कंपनीने जानेवारी 2025 मध्ये सांगितले की, ह्या खेळाकडे सुमारे 15 लाख खेळाडू वळले, आणि ही संख्या अपेक्षेपेक्षा जवळजवळ 50 टक्क्यांनी कमी होती. ह्या आकड्यावरून कारण सिद्ध होत नाही, कारण खप अनेक गोष्टींवर अवलंबून असतो. माझे म्हणणे आकड्याविषयी नसून तक्रारीच्या स्वरूपाविषयी आहे.

येथे एक न्याय्य आक्षेप संभवतो. दोन-दोन पर्यायांच्या अवघ्या दहा निवडी घेतल्या तरी 1024 निरनिराळ्या अवस्था होतात. शेकडो निवडींचा विस्तार कोणत्याही लेखकवर्गाच्या शक्तीबाहेरचा आहे. हे खरे आहे. पण खेळाडूने सर्व अवस्थांची कथा मागितलेलीच नाही. त्याची मागणी एवढीच की, जे सांगता येत नाही त्याविषयी गप्प राहावे, आणि जे घडले ते घडलेच नाही असे म्हणू नये. कीर्तनकारही पूर्वरंगातील प्रत्येक दृष्टान्त पुन्हा उचलीत नाही.

लेखकाच्या स्वातंत्र्याचा आक्षेपही घेतला जाईल. त्यासाठी ‘बॉल्डर्स गेट 3’ पाहावा. बायोवेअरने 2000 साली दुसरा भाग केला होता. तिसरा 2023 साली लॅरियन ह्या बेल्जियममधील संस्थेने केला. जुन्या नोंदी त्याने मागितल्या नाहीत, तसे वचनही दिले नाही, आणि खेळाडूंनी त्यास मनापासून स्वीकारले. मात्र व्हिकोनिया आणि सारेव्होक ही जुनी पात्रे त्यात ज्या रूपाने आली, तेथे जुन्या खेळाडूंनी हरकत घेतली. म्हणजे नव्याचे स्वागत आणि पूर्वगृहीत मोडल्याची तक्रार, ही दोन्ही एकाच खेळाच्या वाट्यास आली.

शेवटचा प्रश्न स्वामित्वाचा. कथाविश्व निर्मात्याचे, तेव्हा ते मोडण्याचा अधिकारही त्याचाच, असे कायदा म्हणेल. रेवदंड्यास बसून हा प्रश्न विचारला की समोर कोर्लई दिसते. पोर्तुगीज सत्ता चौल-रेवदंड्याहून 1740 साली गेली. तिच्या काळात जुळून आलेली पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली मात्र कोर्लईत राहिली. सुमारे हजारभर माणसे ती आजही बोलतात आणि तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. पोर्तुगालमधील व्याकरणकाराने त्यांचे एखादे क्रियारूप चुकीचे ठरविले तर गावात कोणी आपले बोलणे बदलणार नाही, कारण नियम आता बोलणाऱ्यांच्या मुखी आहे. पंधरा वर्षे खेळल्या गेलेल्या मालिकेचेही काहीसे असेच होते. तिच्यातील कोणते वाक्य ग्राह्य आणि कोणते अग्राह्य, ह्याची जाण खेळाडूंच्या ठिकाणी वसते. मालकी कंपनीकडे राहते. पण ते वाक्य लोकांनी स्वीकारावे, असा हुकूम तिला काढता येत नाही.

साम्य येथेच संपते, हेही सांगितले पाहिजे. भाषा कोणी एकाने रचलेली नसते. खेळ रचलेला असतो, आणि रचणाऱ्याच्या श्रमास मान दिला पाहिजे. म्हणून प्रत्येक रुसव्यास विश्वासभंग म्हणू नये. समीक्षकाने आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात: खेळाडूस जे आवडले नाही ते, आणि खेळाने स्वतःच धरून चालावयास शिकवून नंतर नाकारले ते. पहिल्या दोषावर पुढचा चांगला खेळ हा उपाय आहे. दुसऱ्यावर तो पुरेसा नाही, कारण पुढचा खेळ चांगला असला तरी त्यातील निवड टिकेल, असे मानण्यास खेळाडूपाशी आधार उरलेला नसतो.

त्या विद्यार्थिनीस मी विचारले की, पाचवा खेळ आला तर ती घेईल काय? ती म्हणाली, ‘घेईन कदाचित, सर. पण कुणाला वाचवायचं, ह्याचा विचार करीत रात्र काढणार नाही.’ विश्वास गेल्यावर खेळाडू खेळतो, परंतु बोलत नाही. ज्या कलाप्रकाराचा प्राण खेळाडूच्या उत्तरात आहे, त्याची हानी खपाच्या आकड्यांत मोजता येणार नाही. ती मोजण्यासाठी खेळाडूंची वाक्ये, त्यांतील कर्ते आणि क्रियापदे गोळा करून तपासली पाहिजेत, आणि हे काम आपल्या विभागातील कोणी अभ्यासकाने अंगावर घ्यावे.