'ताण' ही संज्ञा आणि मादी पशूंचे प्रजननवर्तन

लिव्हरपूल विद्यापीठातील डॉबसन व स्मिथ ह्यांचा जो आढावा-लेख 2000 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातच दोन प्रश्न आहेत : ताण म्हणजे काय, आणि प्रजननावर त्याचा परिणाम कसा होतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखकांनी साधार दिले आहे. पहिल्याचे उत्तर मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

परिस्थितीशी जुळवून घेण्यास प्राणी असमर्थ ठरला की ताण प्रकट होतो, आणि आनुवंशिक क्षमतेला तो उतरत नाही ह्यावरून ही असमर्थता पुष्कळदा दिसून येते, अशी त्यांची भूमिका आहे. परंतु प्रजनन हा त्या क्षमतेचाच एक भाग होय. तेव्हा गाय गाभण राहिली नाही म्हणून ती ताणाखाली, आणि ताणाखाली म्हणून ती गाभण राहिली नाही, असे चक्र संभवते. व्याख्येत जे गृहीत धरले, तेच पुढे निष्कर्ष म्हणून मांडता येत नाही.

लेखाचे खरे बळ व्याख्येत नसून प्रयोगांत आहे. मेंढ्यांची वाहतूक केली असता पोष ग्रंथीतून होणारा एलएच संप्रेरकाचा स्पंदरूप स्राव मंदावतो व अंडपुटकाच्या वाढीला पुरेसा आधार मिळत नाही. येथे कारण व परिणाम वेगवेगळे मोजलेले आहेत. क्षेत्रीय आकडेवारी तितकी निर्णायक नाही. लंगडेपणा वा दुग्धज्वर ह्यांवर उपचार करावे लागलेल्या गायींत व्याल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंतचा काळ 13–14 दिवसांनी वाढतो, हे खरे. पण लंगडी गाय दुसरीवर चढत नाही ती संप्रेरकामुळे की दुखऱ्या पायामुळे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. निदान चुकल्यास उपायही चुकतो.

टर्नर, हेम्सवर्थ व टिलब्रुक ह्यांनी 2005 मध्ये डुकरिणींविषयी केलेली मांडणी ह्याहून काटेकोर आहे. कॉर्टिसॉल अल्पकाळ वा वारंवार वाढले तरी प्रजनन सहसा बिघडत नाही. ते दीर्घकाळ चढे राहिल्यास काही माद्यांत बिघडते. येथे 'ताण' ह्या सैल शब्दाची जागा मोजता येणाऱ्या कालावधीने घेतली आहे.

मराठी लेखनातही 'ताण' हा एकच शब्द कारण व प्रतिसाद ह्या दोहोंसाठी येतो. 'ताणकारक' आणि 'ताण-प्रतिसाद' अशा दोन संज्ञा वापरणे इष्ट. ह्या बाबतीत पशुपालकांची बोली अधिक सावध आहे : जनावर माजावर असूनही वर्तनात खूण दिसत नाही, तेव्हा ती त्यास 'मुका माज' म्हणते. शरीरक्रिया व वर्तन ह्यांतील जो भेद शास्त्रीय गद्यात पुष्कळदा पुसला जातो, तो ह्या दोन शब्दांत शाबूत आहे.