हाताची घडी, चार हात दोरी

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या दारात आमच्या पुढे एका शाळेची सहल होती. सत्तर-ऐंशी मुलं दोन रांगांमध्ये उभी होती. बाईंनी आवाज दिला, ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ आणि सगळ्या मुलांनी तसं केलं. जिथे वस्तूंना हात लावायचा असतो आणि मोठ्याने प्रश्न विचारायचे असतात अशा ठिकाणी मुलं हाताची घडी घालून शिरत होती. मी हसलो. दोन तासांनी माझ्यावर हसायची वेळ आली, पण ते पुढे सांगतो.

आम्ही डोंबिवलीहून निघालेले सहा जण होतो. ताई, भाऊजी, सहावीतली भाची, पहिलीतला भाचा, आई आणि मी. दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरलो. आईकडे डब्याची पिशवी होती. अशा सहलींमध्ये ती कायम आईकडेच असते. दारातच तिने सांगून टाकलं, ‘तुम्ही बघून या, मी बसते सावलीत. हे मुलांचं आहे.’ आईचं शिक्षण सातवीपर्यंत. तीस वर्षं तिने घरी शिलाईकाम केलं. माझं इंजिनिअरिंग त्याच मशिनवर झालं, असं ती म्हणत नाही. मीच म्हणतो, आणि मग विसरतो.

मला लिहायचंय ते या प्रकारच्या जागेबद्दल. सिनेमा किंवा कादंबरी आपण जशी तपासतो, तशी ‘हात लावून बघा’ म्हणणारी संग्रहालयं तपासताना आपण दिसत नाही. ‘मुलांना मजा आली’ एवढ्यावर विषय मिटतो. मजा तर मॉलमध्येही येते.

आधी थोडा इतिहास, कारण तो भन्नाट आहे. नोलनचा ‘ओपनहायमर’ तुम्ही पाहिला असेल. त्यात रॉबर्टचा एक धाकटा भाऊ आहे, फ्रँक. तोही भौतिकशास्त्रज्ञच आणि ट्रिनिटीच्या चाचणीला हजर असलेला. कम्युनिस्ट पक्षाचा माजी सदस्य म्हणून 1949मध्ये त्याची विद्यापीठातली नोकरी गेली. पुढची काही वर्षं त्याने कोलोरॅडोत गुरं पाळली, मग तिथल्याच एका छोट्या गावच्या शाळेत शिकवू लागला. प्रयोगशाळेला पैसे नाहीत म्हणून हा माणूस पोरांना गावच्या उकिरड्यावर न्यायचा. भंगारातल्या यंत्रांमधून यांत्रिकी शिकवायचा, उष्णता शिकवायचा, वीज शिकवायचा. याच फ्रँकने 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडलं. तिथे प्रदर्शनं बनवायचा कारखाना भिंतीआड नव्हता. करवत, वेल्डिंग, बिघडलेल्या वस्तूची दुरुस्ती हे सगळं येणाऱ्यांना दिसायचं. प्रदर्शनं कशी बनवायची याच्या पाककृती त्यांनी ‘कुकबुक’ म्हणून छापल्या, म्हणजे कोणीही त्या करून बघाव्यात. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, अशा अर्थाचं फ्रँकचं एक वाक्य प्रसिद्ध आहे.

मुंबईतही हे लवकर सुरू झालं. वरळीचं विज्ञान उद्यान 1979मध्ये खुलं झालं आणि मुख्य इमारतीसह केंद्राचं उद्घाटन 1985मध्ये. इमारत अच्युत कानविंद्यांची, म्हणजे आचऱ्याचा माणूस हार्वर्डला जाऊन आला आणि त्याने मुंबईत ही इमारत उभी केली. आज चाळिशीत असलेल्या किती मुंबईकरांनी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा वाकड्या आरशात स्वतःला बुटकं पाहिलं, ते त्याच परिसरात.

आता समीक्षा. ‘हात लावा’ असं प्रत्येक प्रदर्शन म्हणतं. पण हाताला परत काय मिळतं?

बटणापासून सुरू करू, कारण जगभरच्या अशा संग्रहालयांत बटणांचाच सुकाळ असतो. बटण दाबलं की दिवा लागतो, ग्रह फिरतो, एक आवाज माहिती सांगतो. भाच्याने त्या दिवशी किती बटणं दाबली याची गणतीच नाही. दाबायचं आणि पुढे पळायचं. बहुतेकदा दिवा लागेपर्यंत तो पुढच्या बटणावर असायचा. दोष त्याचा नाही. बटण जोरात दाबा की हळू, आजी दाबू दे की नातू, उत्तर तेच येतं. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं आहे, हात फक्त हुकूम देतो. टचस्क्रीन हे बटणाचंच श्रीमंत भावंड. अर्थात बटणाची बाजूही आहे. रविवारच्या गर्दीत मागे चाळीस मुलं उभी असताना प्रत्येकाला अर्धा मिनिट द्यायचा, तर बटणाइतकं सोयीचं काहीच नाही.

आरसे त्याहून बरे, पण त्यांना फोनने खाल्लंय. वाकड्या आरशासमोर पूर्वी माणसं पुढे-मागे सरकायची आणि कुठल्या अंतरावर आपण उलटे होतो ते शोधायची. आता सगळे एका जागी उभे राहतात, कारण फ्रेम तिथे चांगली येते. मीही तेच केलं, दोन रील काढले.

उद्यानातल्या कुजबुजीच्या तबकड्या मात्र मला खऱ्या कलाकृती वाटतात. एकमेकींकडे तोंड करून लांब अंतरावर उभ्या केलेल्या दोन मोठ्या अंतर्वक्र तबकड्या. एकीच्या ठरावीक बिंदूपाशी तोंड नेऊन पुटपुटायचं आणि दुसरीच्या तशाच बिंदूपाशी कान नेला की ऐकू येतं. इथे एकट्याने काही होत नाही. पलीकडे कोणीतरी हवंच. भाऊजी एरवी मुलांशी अभ्यासापलीकडे फार बोलत नाहीत. ते एका टोकाला उभे राहिले, लेक दुसऱ्या टोकाला. दोघं काय बोलले ते मधे उभ्या असलेल्या आम्हाला कळलं नाही. फोनवरही रेकॉर्ड झालं नाही. दोघांनी अजून सांगितलेलं नाही.

आणि मग कप्प्या.

शेजारी शेजारी टांगलेल्या खुर्च्या. खुर्चीत बसायचं आणि वरून कप्पीवरून आलेला दोर स्वतःच ओढून स्वतःला वर उचलायचं. पहिल्या खुर्चीला एकच कप्पी, ती वर घट्ट बसवलेली. शेवटच्या खुर्चीला कप्प्या जास्त. भाचीला शाळेत नुकतीच ‘साधी यंत्रे’ झालेली. मी लगेच मास्तर झालो. ‘ही पहिली आहे ना, ती स्थिर कप्पी. हिच्यात बळ वाचत नाही, फक्त दिशा बदलते. तू पस्तीस किलोची, म्हणजे पस्तीस किलोचा जोर लावावा लागेल. तुला जमणार नाही. शेवटच्या खुर्चीत बस.’

ती पहिल्याच खुर्चीत बसली. दोर धरला. आणि वर गेली.

‘कोणीतरी ढकललं असेल,’ मी म्हणालो. हे लिहिताना लाज वाटते, पण मी खरंच हे म्हणालो. मग मी जमिनीवर उभा राहिलो, तोच दोर हातात घेतला आणि तिला वर ओढायला लागलो. घामाघूम झालो. जे मला जड जात होतं ते ती बसल्या बसल्या करत होती. माझी पुढची थिअरी घर्षणाची होती. घर्षणाने काम अवघड होतं, सोपं नाही, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

एव्हाना आई सावलीतून उठून आली होती, पिशवी खांद्यावर तशीच. ती काही बोलली नाही. भाचीला म्हणाली, ‘परत ओढ बरं, हळू.’ मग तिने ते केलं जे ती तीस वर्षं नाडी-इलॅस्टिक मोजताना करत आलीय. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, असा तिने दोर मोजला. खुर्ची किती वर आली ते शेजारच्या खांबावर मोजलं. ‘दोन हात दोरी ओढलीस, एक हात वर आलीस.’ शेवटच्या खुर्चीपाशी जाऊन पुन्हा तेच. ‘इथे चार हात दोरी, एक हात वर.’ मग वर बघून म्हणाली, ‘बरोबर आहे. तिथे दोन पदर आहेत, इथे चार. एकपदरी दोऱ्यावर जो ताण येतो तो दुपदरीवर अर्धा येतो. दुसरा पदर हिच्या हातात आहे ना.’

दुसरा पदर हिच्या हातात आहे. चार वर्षांच्या पदवीत मला हे वाक्य कोणी सांगितलं नव्हतं. जमिनीवरून मी ओढतो तेव्हा मुलगी एकाच पदरावर लटकलेली असते, कारण दुसरा माझ्याकडे असतो. ती स्वतः ओढते तेव्हा एक पदर खुर्चीला आणि दुसरा तिच्या हाताला, म्हणजे ती दोन्हींवर लटकलेली असते. पस्तीस किलो दोघांत वाटले जातात. पुस्तकातलं वाक्य खोटं नाही. ते ओझं बाहेर आणि ओढणारा बाहेर असतानाचं आहे. ओझंच ओढायला लागलं तर काय, हा प्रश्न पुस्तकाने विचारलेला नव्हता. खुर्चीने विचारला.

तेव्हापासून माझ्याकडे अशा जागा तपासायची एक कसोटी आहे. हे प्रदर्शन मोठ्या माणसाला खोटं पाडू शकतं का? बटण पाडू शकत नाही. पडद्यावरचा व्हिडिओ तर नाहीच, तो मोठ्या माणसाच्याच बाजूचा असतो. खुर्ची पाडते, कारण ती कोणाचं वय, मार्क किंवा पदवी विचारत नाही. आपल्याकडे ही छोटी गोष्ट नव्हे. मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये यावर आपली घरं आणि वर्ग चालतात, आणि काम करणारे हात वेगळे, ज्ञान सांगणारं तोंड वेगळं, अशी वाटणी या समाजाने जातीने आखून दिलेली. ‘हात लावू नका’ ही आपल्याकडे फक्त काचेच्या कपाटावरची पाटी कधीच नव्हती. 1927मध्ये महाडला तळ्याच्या पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला. अशा देशात ‘कृपया हात लावा’ म्हणणारी जागा सरकारने बांधली याचं मला अप्रूप आहे. म्हणून तिच्याकडून अपेक्षाही जास्त आहेत.

पहिली अपेक्षा अशी, की हाताने काही बनवावंसुद्धा. 1937मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली गेली तेव्हा मूल टकलीवर सूत कातत गणित शिकेल, असं चित्र होतं. त्या योजनेवर टीका करण्यासारखं बरंच आहे. पण टकलीत सूत तुटतं, आणि तुटलं की का तुटलं हे बघावं लागतं. संग्रहालयातली वस्तू तुटू नये म्हणूनच बनवलेली असते. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे घेऊन आकृत्या करवून घेतल्या. त्रिकोण ताठ राहतो, चौकोन लुळा पडतो, हे त्या काड्या हातात घेतल्याशिवाय पटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत दिसणारा कारखाना, पुण्यातल्या काड्या, कोलोरॅडोतला उकिरडा ही एकाच घराण्याची माणसं आहेत. मोठ्या विज्ञान केंद्रांतून फिरताना मला तो दिसणारा कारखाना हवा असतो. बिघडलेलं प्रदर्शन झाकून ठेवण्याऐवजी मुलांसमोर उघडलं तर मी त्याचंच तिकीट काढेन.

दुसरी अपेक्षा बाकड्यावर बसलेल्या माणसांसाठी. आईसारख्या बायका अशा प्रत्येक ठिकाणी पिशव्या सांभाळत बसलेल्या दिसतात. कोणी लोणच्याच्या बरण्यांची मापं हाताने घेतलीत, कोणी मोट पाहिलीय, कोणी तराजू सांभाळलाय. त्यांना ‘मुलांचं आहे’ असं म्हणावंसं वाटतं. यात जागेइतकाच दोष आपला आहे. मी आईला खुर्चीकडे बोलावलं नव्हतं. मी चुकत होतो म्हणून ती आली.

परतीच्या गाडीत गर्दी होती. आईला खिडकी मिळाली, भाचा तिच्या मांडीवर झोपला. भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मामा, पेपरात आलं, स्थिर कप्पीमुळे बळ वाचतं का, तर काय लिहू?’

‘पुस्तकात आहे तेच लिही,’ ताई म्हणाली. ‘मार्क जातील.’

भाचीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती आजीकडे बघत होती.