दोषांसकट स्मरण

मृत स्नेह्याविषयीं लिहावयाचें म्हटलें, कीं आपल्याकडील लेखणी एकदम सोवळें नेसते. गेलेल्याचे दोष सांगणें अशिष्टपणाचें, या संकेतामुळें पुष्कळशा मृत्युलेखांतून माणूस निघून जातो व गुणांची यादी तेवढी मागें राहते. पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या ‘गणगोत’ (१९६६) या संग्रहांतील ‘रावसाहेब’ हा लेख या संकेतास जुमानीत नाहीं. म्हणूनच तो पुनःपुन्हा वाचावासा वाटतो.

रावसाहेब म्हणजे बेळगांवचे कृष्णराव हरिहर. देशपांडे तेथील कॉलेजांत प्राध्यापक असतां उभयतांचा स्नेह जडला, आणि तो जडविला गाण्यानें. रावसाहेबांच्या तोंडीं शिवी सदैव नांदत असे. व्याकरणाची तर त्यांना पर्वाच नव्हती. पण सूर चांगला लागला, कीं याच गृहस्थांचे डोळे भरून येत. सामान्य लेखकानें शिव्या झांकल्या असत्या आणि अश्रु तेवढे दाखविले असते. देशपांड्यांनीं दोन्ही ठेविलीं, कारण दोहोंचा उगम एकच आहे हें त्यांनीं ओळखलें. या माणसाच्या अंतरंगाला दारच नव्हतें. आंत उठेल तें तत्क्षणीं बाहेर येई, मग ती शिवी असो कीं दाद असो. एक कापून काढावी तर दुसरी जगत नाहीं. देशपांडे स्वतः पेटी उत्तम वाजवीत. दाद खरी कोणती व रीतीची कोणती, हें वाजविणाराला लगेच कळतें. या लेखांतील माणसाची पारखही त्याच कानानें केलेली आहे.

बेळगांवची भूमि या चित्राला पोषक आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३) गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्व (१९२४) सुळेभावीचे. दोन्ही गांवें याच जिल्ह्यांतलीं. तेथें मराठी आणि कानडी एका घरांत नांदतात. १९५६ सालीं राज्याची सीमा बदलली, तरी तें मिश्रण बदललें नाहीं. आमच्या पाटोद्याकडे १९४८ पर्यंत निजामी अंमल होता आणि बोलण्यांत दखनी-उर्दूचे शब्द अजूनही सहज येतात. त्यामुळें रावसाहेबांची सरमिसळ भाषा येथील वाचकाला विनोदी वाटली, तरी परकी वाटत नाहीं.

एक आक्षेप मात्र घेतलाच पाहिजे. गाण्यानें विरघळणारा माणूस सज्जन असतोच, असें नाहीं. संगीत हें शीलाचें प्रमाणपत्र नव्हे. ज्यांनीं त्या शिव्या खाल्ल्या, त्यांत बरोबरीचे मित्र हंसून सोडून देणारे असतील. परंतु ज्याला उलट बोलतां येत नाहीं, अशा हाताखालच्या माणसाला त्या कशा लागल्या असतील, हा प्रश्न हंसणाऱ्या वाचकाला सुचत नाहीं. लेखांतील प्रेमळ विनोद तो सुचूंही देत नाहीं. ही या लेखाची मर्यादा होय.

तरीही लेखकाच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल, कीं हा प्रश्न विचारण्याची सामग्री त्यानेंच आपल्या हातीं दिली आहे. दोष झांकले असते, तर आपण न्याय तरी कशाचा करणार होतों? मित्राच्या स्मृतीशीं प्रामाणिक राहणें म्हणजे त्याला निर्दोष ठरविणें नव्हे. आपल्या घरांतील गेलेल्या माणसांविषयीं मुलांना सांगतांना हें ध्यानांत ठेवावें. नाहींतर त्यांच्यापर्यंत आजोबांची तसबीर तेवढी पोहोंचेल, आजोबा पोहोंचणार नाहींत.