विद्युत्-उद्दीपन आणि चालण्याचे मूल्यमापन : एक समीक्षा

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरील मायेलिनचे आवरण नष्ट होत जाते. त्यामुळे पाऊल उचलण्याचा संदेश स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही व चालताना पायाची बोटे जमिनीला अडखळतात. गुडघ्याखालील पेरोनियल चेतेला सौम्य विद्युत्-स्पंद देऊन पाऊल उचलविण्याची पद्धती लिबरसन व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठी मांडली. पुढे इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे विकसित झालेला ओडस्टॉक उद्दीपक मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठीही वापरला जाऊ लागला.

या पद्धतीच्या मूल्यमापनात मात्र निकषांची गल्लत होण्याचा संभव आहे. यंत्र चालू असतानाचा लाभ आणि ते बंद केल्यावर उरणारा लाभ या दोन भिन्न बाबी होत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अठरा आठवड्यांच्या ब्रिटिश चाचणीत, यंत्राविना चालण्याचा वेग उद्दीपन गटापेक्षा व्यायाम गटात अधिक सुधारला. एवढ्यावरच थांबल्यास उद्दीपन निष्फळ ठरते. परंतु त्याच चाचणीतील पुढील निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा उद्दीपक वापरणारे रुग्ण तुलनेने कमी वेळा पडल्याचे दिसून आले.

वेग मोजणे चिकित्सकास सुलभ असते. रुग्णाच्या दृष्टीने मात्र न पडता घरात वावरणे अधिक मोलाचे ठरते. म्हणून उद्दीपनास व्यायामाचा पर्याय न मानता पूरक साधन मानणे आणि पडण्याच्या नोंदीस वेगाइतकेच महत्त्व देणे इष्ट होय.